मालव्याखालचा ज्वालामुखी झोपलाय की विझलाय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून उज्जैनला आली होती. रामघाटावर बसलो असताना तिने विचारले, "मामा, आपलं मालव्याचं पठार लाव्हारसाचं आहे ना? मग खालचा ज्वालामुखी पुन्हा जागा झाला तर?" मी प्रश्न हसण्यावारी नेला. पण रात्री पोरीला झोप येईना, तेव्हा नीट उत्तर देणे भाग पडले.

शाळेत आपण तीन शब्द पाठ करतो : जागृत, निद्रिस्त आणि मृत. यातला मधला फसवा. जपानचा फुजी १७०७ पासून शांत आहे, तरी तिथले शास्त्रज्ञ त्याला जागृतच मानतात. फिलिपिन्समधला पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षे गप्प राहून १९९१ मध्ये फुटला. त्याच वर्षी आपल्या अंदमानातले बॅरन बेटही दीडशेहून अधिक वर्षांनी धगधगले. म्हणजे नुसत्या शांततेवरून काही ठरत नाही. खाली शिलारसाचा पुरवठा चालू आहे का, हा खरा प्रश्न. जमिनीचे बारीक हादरे, बाहेर पडणारे वायू आणि जमिनीला येणारा फुगवटा यांवरून त्याचा अंदाज घेतात.

प्रकारही वेगवेगळे. फुजी म्हणजे राख आणि लाव्हा यांच्या थरांचा उंच शंकू. हवाईचा मौना लोआ पातळ लाव्ह्याचा, पालथ्या ढालीसारखा पसरट. आपल्याकडची तऱ्हा तिसरीच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले. सह्याद्रीपासून मालव्यापर्यंत आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड पसरलेला आहे.

मग तो पुन्हा का उसळत नाही? कारण भारताचा भूपट्ट तेव्हापासून उत्तरेकडे सरकत आला. खालचा तो उष्ण स्रोत आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर उफाळतो. शेजारचा मॉरिशस, जिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तोही त्याच स्रोताने घडवला.

"म्हणजे बघ," मी तिला म्हणालो, "चूल तिथेच राहिली, आपणच उठून इकडे आलो. आपला ज्वालामुखी झोपलेला नाही, विझलेला आहे. तुझं पुणंही याच दगडावर आहे."

सकाळी शेतातले काळ्या मातीचे ढेकूळ तिच्या हातात दिले. त्याच दगडाची झीज होऊन ही माती झाली आणि तिच्यातच आपला गहू-हरभरा पिकतो. परत जाताना तिने ते ढेकूळ डबीत घालून पुण्याला नेले.