एसी की उघड्या काचा?

पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो; गारव्याचं बिल टाकीतूनच वसूल होतं. काचा उघडल्या की वारा फुकट मिळतो असं वाटतं, पण आत घुसणारी हवा गाडीला मागे ओढते. हवेचा हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेलं की तो चौपट होतो आणि त्याला भेदायला लागणारी शक्ती आठपट. एसीचा भार वेगापेक्षा उन्हावर ठरतो.

म्हणून दादर-सायनच्या रांगेत खिडकी स्वस्त आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट टप्प्यावर एसी. पारडं नेमकं कुठल्या वेगाला फिरतं, हे गाडीच्या आकारावर अवलंबून. उंच, चौकोनी एसयूव्ही हवेला आधीच इतकी अडवते, की काचा उघडल्याचा फटका तिला सडपातळ सेडानपेक्षा कमी बसतो. (वैशाखात चंद्रपूरकडे हा हिशेब कुणी करत नाही, करूही नये.)

खरं इंधन जातं ते तापलेली केबिन गार करताना. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानुसार कडक उन्हात एसीमुळे मायलेज २५ टक्क्यांहूनही अधिक घटू शकतं, विशेषतः छोट्या फेऱ्यांत. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी ‘आधी थंड’ करणं तर निव्वळ उधळपट्टी. काचा उघड्या ठेवून निघावं, कोंडलेली उष्णता बाहेर पडली की एसी लावावा आणि मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबावं.