चाकांवरच्या घरातला हिवाळा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात 'आरव्ही' हा शब्द अधूनमधून येतो. रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे सहलीसाठी बांधलेली गाडी. आपल्याकडे तिला कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा या गाड्यांची वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. गाडीत पलंग असतो, शेगडी असते, फ्रीज, मोरी, संडास सगळं असतं. उन्हाळ्यात ही मंडळी ठरावीक तळावर जातात, गाडी उभी करतात आणि तीन जोडण्या घेतात : विजेची, पाण्याची आणि सांडपाण्याची. एकदा त्या लागल्या की घरात आणि गाडीत फारसा फरक उरत नाही.

पण काही हौशी लोक हीच गाडी घेऊन भर जानेवारीत डोंगरावर जातात, बर्फात, आणि तेही यातली एकही जोडणी न घेता. स्कीइंगच्या केंद्राजवळच्या हॉटेलातली खोली हंगामात फार महाग असते. शिवाय रात्री ताजा बर्फ पडला की सकाळच्या पहिल्या पाळण्यात बसून वर जाण्याची मजा ज्याला लागली, त्याला दोन तासांवरच्या शहरातून गाडी हाकत येणं नको वाटतं. ओरेगन राज्यातलं माउंट बॅचलर किंवा वॉशिंग्टन राज्यातलं माउंट बेकर अशा केंद्रांनी आपल्या वाहनतळावर या गाड्यांना रात्री थांबू दिलं आहे. तिथे मिळते ती मोकळी जागा. ऊब, पाणी, उजेड, सगळं ज्याचं त्याने बरोबर आणायचं.

आता हे जमतं कसं, ते पाहू. आणि कुठे जिवावर बेततं, तेही पाहू.

पहिला प्रश्न उबेचा. या गाड्यांत प्रोपेन गॅसवर चालणारी भट्टी असते. प्रोपेनच का? आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपासच द्रवाचा वायू व्हायचं थांबतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत आपला सिलिंडर मंदावतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप होत राहतो. म्हणून थंड देशात प्रोपेन.

तो किती लागतो, याचा हिशेब सोपा आहे. तिकडची नेहमीची छोटी टाकी सुमारे ९ किलोची, म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरहून लहान. मध्यम आकाराची भट्टी सतत पेटती ठेवली तर ही टाकी साधारण १४ तासांत संपते. भट्टी सतत पेटत नाही. खोली तापली की बंद होते, गार झाली की पुन्हा सुरू होते. पण बाहेर उणे १५ अंश असतील, तर ती निम्मा वेळ तरी चालतेच. म्हणजे एक टाकी एक-दोन दिवसांत रिकामी. गाडीच्या भिंती पातळ, खिडक्या मोठ्या. त्यामुळे जाणकार मंडळी आधी खिडक्यांना जाड आच्छादन लावतात, चालकाची बाजू पडद्याने तोडतात आणि मग भट्टी पेटवतात. वाचवलेली ऊब ही विकत घ्यावी न लागलेली ऊब.

इथे नवख्या माणसाला न दिसणारी एक गोष्ट आहे. भट्टी गॅसवर चालते खरी, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा विजेवर चालतो, आणि तो बॅटरीतून सुमारे सात अँपिअर घेतो. शंभर अँपिअर-तासांची साधी शिसे-आम्लाची बॅटरी असेल, तर तिच्यातली निम्मीच वीज वापरावी. त्याखाली उतरवली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी पन्नास, आणि पंख्याला तासाला सात. सात तासांत खेळ संपला. थंडीत बॅटरीची ताकद आणखी घटते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच. डोंगरातली डिसेंबरची रात्र चौदा-पंधरा तासांची असते. गॅसची टाकी भरलेली आहे, पण पंखा थांबला म्हणून भट्टी बंद पडली, आणि पहाटे चार वाजता माणसं कुडकुडत उठली, हा प्रकार याच हिशेबातून घडतो.

मग लोक लिथियमची बॅटरी घेतात. तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते, वजनही कमी. पण तिचंही एक पथ्य आहे. गाड्यांत वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली वीज देते, पण शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं. केलं तर ती आतून कायमची बिघडते. म्हणून ती बाहेरच्या खोक्यात न ठेवता माणसं झोपतात त्या उबदार भागात ठेवावी लागते.

छतावर सौर पाट्या आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, पण कोलोराडोत, म्हणजे ४० अंश अक्षांशावर, २१ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो. आपल्या पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. तिरपं ऊन, सव्वानऊ तासांचा दिवस, आणि पाटीवर रात्रीचा बर्फ. उन्हाळ्यात मिळणारी वीज इथे धरून चालायची नाही. जनरेटर हा पुढचा उपाय. पण हवा विरळ असल्यामुळे दर ३०० मीटर उंचीला त्याची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. तीन हजार मीटरवर तो एक तृतीयांश दुबळा होतो. शेजाऱ्यांची झोप मोडते ती वेगळीच.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि नळी फोडून बाहेर येतं. फुटल्याचं कळतं मात्र बर्फ वितळल्यावर. म्हणून हिवाळ्यासाठी नीट बांधलेल्या गाडीत टाक्या आणि नळ्या उबदार भागातून नेलेल्या असतात. बाकीच्या गाड्यांत लोक नळ्या सरळ रिकाम्या करतात आणि त्यांत गुलाबी रंगाचं गोठणरोधक भरतात. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं, मुद्दाम पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी बनवलेलं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. ते पिण्याच्या पाण्याच्या नळीत कधीही घालायचं नाही. नळ्या अशा बंद केल्या की पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून पलंगाशेजारी ठेवायचं, भांडी कमीत कमी घासायची. आपल्या मराठी घरांतला कुकर इथे फार उपयोगी पडतो. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये ती लवकर शिजते, गॅसही वाचतो.

तिसरा प्रश्न आपल्याला चमत्कारिक वाटेल : आतली ओल. दोन माणसं एका रात्रीत श्वासातून आणि त्वचेतून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. वर गॅसची शेगडी. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ थंड खिडकीवर, भिंतीवर, गादीखाली जमते. सकाळी गादी खालून भिजलेली असते, आठवड्याभरात बुरशी येते. त्यामुळे इतक्या कष्टाने ऊब मिळवायची, आणि छताचा झरोका बोटभर उघडाही ठेवायचा, असं करावं लागतं. थोडी ऊब जाते, पण वाफही जाते.

आणि त्या बोटभर फटीचं दुसरं कारण सर्वांत महत्त्वाचं आहे. गॅस, पेट्रोल किंवा डिझेल अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. गाडीतली पक्की बसवलेली भट्टी बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेर टाकते, म्हणून ती सुरक्षित असते. पण रात्रीतून बर्फाचा ढीग साचून तिचं तोंड बुजलं तर? जनरेटरच्या धुराची नळी बर्फात गाडली गेली तर? किंवा शेजारच्या गाडीचा धूर वाऱ्याने आपल्या झरोक्यात आला तर? म्हणून बर्फ पडत असताना रात्रीतून उठून ही तोंडं फावड्याने मोकळी करावी लागतात. स्वयंपाकाची शेगडी ऊब मिळवण्यासाठी पेटती ठेवून झोपायचं नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा गाडीत हवाच. तोही जुना होतो, त्यावरची मुदत पाहून बदलावा लागतो.

यात एक मोठा चकवा आहे. या वायूच्या विषबाधेची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गुंगी. उंचीवरची हवा न मानवल्याची लक्षणंही तीच. समुद्रसपाटीवरून आलेला माणूस म्हणतो, 'उंचीचा त्रास आहे, झोपलं की बरं वाटेल.' आणि झोपतो. तिथले जाणकार सांगतात : डोकं दुखतंय ना, आधी सगळे बाहेर या, मोकळ्या हवेत उभे राहा, कारण मागाहून शोधू.

गाडी कुठे उभी करायची, यालाही शास्त्र आहे. रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाशी साचते. कोलोराडोतल्या गनिसनच्या खोऱ्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंशांच्या आसपास जातो. थोडं वर, उतारावर, त्या मानाने ऊब असते. पण उतार तीव्र असेल तर हिमकड्याचं भय. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, तेव्हा अशा उताराच्या पायथ्याशी मुक्काम नको. डिझेलची गाडी असेल तर इंधन डोंगराजवळच्या पंपावर भरावं, कारण खालच्या गरम प्रदेशातलं डिझेल थंडीत मेणासारखं दाट होतं. आपल्या इंडियन ऑइलनेही लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणासाठी.

नियमही पाहावे लागतात. ओरेगनमध्ये हिवाळी वाहनतळांवर १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल परवाना लागतो. सरकारी वनजमिनीवर साधारण चौदा दिवस फुकट राहता येतं, पण तिथल्या बहुतेक रस्त्यांवरचा बर्फ कोणी काढत नाही. केंद्रांचे नियमही हंगामागणिक बदलतात. निघण्याआधी फोन करून विचारणं उत्तम.

हे सारं हौशी लोकांचं झालं. पण त्याच डोंगरांच्या कुशीतल्या गावांत पाळणे चालवणारी, हॉटेलांत भांडी घासणारी अनेक माणसं अख्खा हिवाळा गाडीत काढतात, कारण त्यांच्या पगारात तिथलं घरभाडं बसत नाही. त्यांना चार दिवसांनी घरी जायचं नसतं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात असा निर्णय दिला, की सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करणारे नियम गावं करू शकतात. गॅसचा आणि बॅटरीचा वर मांडलेला हिशेब या माणसांना रोज रात्री करावा लागतो, आणि वर कोणी उठवायला येईल का, ही धास्ती.

आपल्यापैकी कोणी मुला-नातवंडांकडे अमेरिकेत गेलात आणि अशी सहल ठरलीच, तर अनुभवी लोकांचा एक सल्ला ध्यानात ठेवा. पहिली थंड रात्र डोंगरावर काढू नका. गाडी घराच्या दारात उभी करा, कुठलीही जोडणी घेऊ नका, आणि त्यातच झोपा. किती गॅस गेला, बॅटरी किती वाजता मान टाकते, भोंगा वाजतो का, ते लिहून ठेवा. काही बिघडलंच, तर घराचं दार दहा पावलांवर आहे.