सुटी, शस्त्रक्रिया व आमचें कुटुंब

जुन्या मराठींत ‘कुटुंब’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घरांतील सर्व माणसें हा एक, आणि घरधनीण हा दुसरा. माझे वडील परक्या माणसापाशीं आईविषयीं बोलतांना ‘आमचें कुटुंब’ असेंच म्हणत. एका शब्दांत दोन अर्थ नांदूं लागले म्हणजे कधीं कधीं एकाखालीं दुसरा दडपला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें. हकीकत खासगी आहे; परंतु कोणत्याहि मोठ्या घरावर असा प्रसंग येऊं शकतो म्हणून, आणि सौ. नें स्वतः परवानगी दिली म्हणून, ती येथें लिहीत आहें.

आम्ही साताऱ्यास राहतों. आम्ही दोघें, धाकटा भाऊ, त्याची पत्नी व मुलगी, माझे दोन मुलगे, दोन सुना, नऊ वर्षांचा नातू व पांच वर्षांची नात अशीं अकरा माणसें एका चुलीवर जेवतों. मे महिन्यांत अकराहि जणांनीं सिमला-मनालीस जावयाचें असें जानेवारींतच ठरलें. त्या वेळीं रेल्वेचें आरक्षण १२० दिवस आधीं उघडत असे. (१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. पुष्कळांनीं कुरकुर केली. पण आजारपणें वर्दी देऊन येत नाहींत, हें पाहतां मला ही घट बरीच वाटते.) थोरल्या चिरंजीवांनीं सकाळीं आठाच्या ठोक्याला बसून तिकिटें काढलीं. सौ. नें अकरा लोकरी टोप्या विणावयास घेतल्या. चार टोप्या पुऱ्या झाल्या होत्या, तोंच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं स्नान करतांना तिच्या हाताला डाव्या स्तनांत गांठ लागली.

पुढील पंधरा दिवस पुण्याच्या खेपांत गेले. क्ष-किरणांची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, सुईनें तुकडा काढून तोहि तपासला. निदान कर्करोगाचें झालें. या शब्दाची कुळकथा मला ठाऊक होती. कर्क म्हणजे खेंकडा. गांठीभोंवतीं पसरलेल्या शिरा पाहून ग्रीक वैद्यांनीं या रोगाला खेंकड्याचें नांव दिलें, लॅटिनमधील ‘कॅन्सर’चा अर्थ तोच, आणि आमचा ‘कर्करोग’ हा त्याचा तर्जुमा. सुश्रुतसंहितेंत अशा गांठींचें वर्णन ‘अर्बुद’ या नांवानें आहे. इतकें सारें माहीत असून तो शब्द घरांत उच्चारणें मला जमेना. कोणालाच जमेना. ‘ती गांठ’, ‘तें दुखणें’ अशीच भाषा सुरू झाली. परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथून बरीं होऊन परतलेलीं कितीतरी माणसें आज आपल्यांत वावरत आहेत. तरी माझ्या लहानपणीं ‘त्यांना परळला नेलें’ एवढें कानांवर आलें कीं पुढें कोणी कांहीं विचारीत नसे. ती संवय आमच्या घरांतून गेलेली नव्हती.

२ एप्रिलला पुण्यास शस्त्रक्रिया झाली. डावा स्तन व काखेंतील गांठी काढल्या. जखमेंतील पाणी बाहेर येण्यासाठीं एक नळी ठेवून तिसऱ्या दिवशीं घरीं पाठविलें. इतकें सारें यथास्थित पार पडलें, आणि पाडव्याच्या दिवशीं नातवानें गुढीखालीं उभें राहून विचारलें, “आजी, आपण आतां बर्फ बघायला जायचें नाहीं ना?”

झालें होतें असें. निदान कळलें त्याच संध्याकाळीं थोरल्यानें सर्व तिकिटें रद्द करून टाकलीं होतीं. दरडोई १८० रुपये प्रमाणें अकरांचे १९८० रुपये व वर कर कापून बाकीचे पैसे परत आले. त्याचें चुकलें असें कोणालाच वाटलें नाहीं. मलाहि नाहीं. सौ. त्या वेळीं हंसली, नातवाच्या हातावर साखरेच्या गाठीचा तुकडा ठेवला. रात्रीं मात्र मला म्हणाली, “डॉक्टरांनीं कापण्याआधीं मला सगळें समजावून सांगितलें, माझी सही घेतली. तुम्ही सगळ्यांनीं माझी सुटी कापलीत, तेव्हां अहो, मला कोणी विचारलें?”

मीं चौतीस वर्षें संस्कृत शिकविलें. परस्मैपद व आत्मनेपद समजावतांना ‘पचति’ आणि ‘पचते’ हीं रूपें फळ्यावर लिहीत असें. दुसऱ्यासाठीं रांधणारा आचारी पहिलें रूप घेतो, स्वतःसाठीं रांधणारा दुसरें. क्रियेचें फळ कोणाच्या पदरीं पडतें यावर रूप ठरतें. आम्ही तिची काळजी वाहत होतों खरे, पण त्या रात्रीं मला वाटूं लागलें कीं त्या काळजीचें फळ आमच्याच पदरीं पडत होतें. तिकिटें रद्द करून आम्हांला कर्तव्य केल्याचें समाधान मिळालें. आणि तिला काय मिळालें, तर आपल्यामुळें दहा माणसांची सुटी बुडाली हें ओझें. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला वजन उचलूं देऊं नये असें डॉक्टर सांगतात. त्यांत हें वजन ते मोजीत नसावेत.

दुसऱ्या दिवशीं सर्वांना बसवून मीं नव्यानें विषय काढला, आणि पहिला प्रश्न तिला विचारला, कीं तुला कोठें जावेंसें वाटतें. तिनें क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें, “माहेरीं.” तिचें माहेर गुहागर. व्याडेश्वराचें दर्शन, भावाचें कौलारू घर, मागें नारळी-पोफळीची वाडी व पलीकडे समुद्र. मुलांनीं हरकतींचा पाढा वाचला. मे महिन्यांतील कोंकणचा उकाडा, कुंभार्ली घाटाचीं वळणें, पुणें दूर पडणार, महाबळेश्वर काय वाईट! ती म्हणाली, महाबळेश्वरास मी पाहुणी, गुहागरास घरची. हा मुद्दा खोडून काढणें कोणाला साधलें नाहीं.

मग मीं प्रश्नांची यादी करून ती डॉक्टरांपुढें ठेवली. (शिक्षकी खोड. परंतु डॉक्टरांपुढें बसलें म्हणजे निम्मे प्रश्न विसरतात, हा अनुभव सर्वांचाच असेल.) चोवीस तासांत येणारें पाणी सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या आंत राहिल्यावर तेराव्या दिवशीं नळी काढली होती. काढलेल्या भागाचा अहवालहि आला होता. काखेंतील एका गांठींत रोग पोंचला होता. त्यामुळें किरणोपचार करावयाचे ठरले. १५ मे रोजीं त्यासाठीं मोजमाप, आणि २० मेपासून आठवड्यांतून पांच दिवस असे तीन आठवडे उपचार. पुढें पांच वर्षें रोज एक गोळी. हें ऐकून आम्ही गप्प झालों, पण सौ. नेंच विचारलें, “म्हणजे १५ तारखेपर्यंत मी मोकळी आहें ना?”

डॉक्टर हंसले व ‘जा’ म्हणाले. मात्र अटी घातल्या. जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्रस्नान नाहीं. दुपारचें ऊन नाहीं. काखेंतील गांठी काढल्यावर त्या हाताला सूज येण्याचें भय कायमचें राहतें, म्हणून डाव्या हातानें जड उचलावयाचें नाहीं. तेथें रक्तदाब मोजावयाचा नाहीं, सुई टोंचावयाची नाहीं, भाजणें-कापणें-डांस चावणें जपावयाचें. ताप आला, जखम लाल झाली अगर हात सुजला तर लागलीच कळवावयाचें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हाताचा व्यायाम एक दिवसहि चुकवावयाचा नाहीं. किरणोपचाराच्या वेळीं हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. हात वर जात नसेल तर उपचारच खोळंबतो.

येथें एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. एरवीं आपण सुटीचा बेत निघण्याच्या दिवसापासून मोजतों. दुखणें असेल तेव्हां तो शेवटाकडून मोजावा. १५ तारीख अचल, तिच्याआधीं एक पुरा दिवस विश्रांतीचा, म्हणून १३ ला परत. ७ ला साताऱ्यास लोकसभेचें मतदान, म्हणून ८ ला प्रस्थान. एका मोठ्या गाडीऐवजीं दोन लहान गाड्या घेतल्या, म्हणजे तिला परतावेंसें वाटलें तर एकच गाडी फिरेल व मुलांची सुटी मोडणार नाहीं. तिला हें सांगितलें तेव्हां तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. चिपळूणजवळ डेरवण येथें मोठें रुग्णालय आहे, त्याचा पत्ता व सर्व अहवालांच्या नकला एका पिशवींत घातल्या. सुदैवानें ती पिशवी सौ. साठीं उघडावी लागली नाहीं.

अडचण आली ती निराळ्याच ठिकाणीं. त्या हातांत घट्ट कांहींहि घालावयाचें नाहीं, म्हणून डाव्या हातांतील बांगड्या उतरविल्या होत्या. सवाष्णीनें कुळस्वामीपुढें रित्या हातानें कसें जावयाचें? घरांतील बायकांची दोन दिवस खलबतें चाललीं. अखेर सौ. नेंच निकाल दिला, “डावा हात रजेवर आहे. त्याच्या वाटणीच्या बांगड्या उजव्यानें घालाव्या.” धाकट्या सूनबाईनें पुढून उघडणारीं, सैल बाह्यांचीं चार पोलकीं शिवलीं व त्यांत आंतून मऊ कापसाची घडी बसेल असा खिसा केला. या विषयावर पुरुषांनीं लिहूं नये असा आमच्या पिढीचा संकेत आहे. पण तो पाळून कोणत्या स्त्रीची सोय झाली तें मला माहीत नाहीं.

पहाटे साडेपांचला निघून उंब्रज, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली उतरलों. गाडीचा पट्टा जखमेवर घासूं नये म्हणून मध्यें लहान उशी, हाताखालीं दुसरी, आणि दर तासाला पांच मिनिटें थांबणें. घाटांत ती शांत झोपली. ओकाऱ्या धडधाकट धाकट्या चिरंजीवांनीं काढल्या. चिपळुणाहून गुहागर सुमारें ४५ किलोमीटर. अकराच्या सुमारास मेहुण्यांच्या अंगणांत उतरलों.

तेथें आम्हीं एक रीत ठेवली. सकाळीं चहाच्या वेळीं ती सांगेल तो दिवसाचा बेत. तरुण मंडळींनीं वेळणेश्वरास जावें, हेदवीस बामणघळींतून उसळणारें पाणी पाहावें. घरीं थांबावयाची पाळी कागदावर लिहून दाराला लावलेली. त्यामुळें कोणी उपकार केल्याच्या चेहऱ्यानें मागें राहत नसे. संध्याकाळीं ऊन कललें म्हणजे ती वाळूवरून थोडी चाले व पावलें भिजतील इतकीच पाण्यांत उभी राही.

१० मे रोजीं अक्षय्य तृतीया होती. वहिनींनीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू त्याच दिवशीं ठेवलें होतें. त्या सकाळीं सौ. खोलींतून बाहेर आली नाहीं. व्यायाम नको, चहा नको. मीं घाबरून गाडी काढूं का म्हणून विचारलें. ती म्हणाली, “मला दुखत नाहीं. आज कोणाला तोंड दाखवावेंसें वाटत नाहीं, इतकेंच. त्याला गाडी कशाला?” वहिनींनीं मात्र दाराशीं येऊन नीट विचारलें, “वन्सं, बायकांना आंत पाठवूं, कीं झोपलां आहांत म्हणून सांगूं?” ‘झोपलें आहें’ असें उत्तर मिळालें, आणि वहिनींनीं तें दिवसभर निभावलें.

दिवेलागणीला, पन्हें व कैरीची डाळ संपत आली असतां, ती आपण होऊन बाहेर आली. ओटीवर चार-पांच जणी उरल्या होत्या. एका आजीबाईंनीं विचारलेंच, “डाव्या हाताला काय झालें ग?” मी पडवींत होतों, माझा श्वास अडकला. तिनें सरळ सांगितलें, “कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आजी. हात बरा होतो आहे.” दोन महिन्यांत आमच्या माणसांच्या तोंडून तो शब्द पहिल्यानेंच उघडपणें निघाला होता. कोणी रडलें नाहीं. आजीबाईंनीं तिच्या उजव्या हातावर डाळीचा द्रोण ठेवला. बायका उठल्या, पण शेजारची एक तरुण सून मागें रेंगाळली, आणि मग त्या दोघी बराच वेळ तुळशीपाशीं बोलत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमची एक गाडी व ती पिशवी घेऊन वहिनी त्या मुलीला डेरवणला तपासणीस घेऊन गेल्या. पुढची गोष्ट त्या घरची आहे. ती येथें लिहिण्याचा मला अधिकार नाहीं.

मेहुण्यांच्या पडवींत एक सागवानी खांब आहे. माझ्या सासऱ्यांनीं मुलांच्या उंचीच्या खुणा त्यावर कोयत्यानें केल्या होत्या, सौ. च्या वयाच्या आठव्या वर्षाची खूण अजून दिसते. त्याच खांबाशीं उभें राहून ती डाव्या हाताचीं बोटें मुंगीसारखीं वर वर चढवी, आणि नातू जेथपर्यंत हात पोंचला तेथें पेन्सिलीनें रेघ मारून तारीख घाली. १० तारखेची रेघ त्या दिवशीं रात्रीं नऊ वाजतां पडली. ती आदल्या दिवसापेक्षां खालीं आहे. १२ तारखेची तिच्यापेक्षां चांगली चार बोटें वर.

१५ तारखेला पुण्यास यंत्राखालीं झोपवून तिला हात डोक्यामागें नेण्यास सांगितलें. तो गेला. उपचार ७ जूनला संपले. टोप्या आतां सात झाल्या आहेत. उरलेल्या चार कोणत्या वर्षीं लागतील, तें तिनें अद्याप सांगितलेलें नाहीं, आणि आम्ही तिकिटें काढलेलीं नाहींत.