बेकारीचा आकडा व एक लहान शहर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानांत एल्कहार्ट नांवाचें शहर आहे. शेजारचें गोशेन धरून सरकारदप्तरीं त्याचें जें 'महानगर क्षेत्र' मानतात, तें म्हणजे दोन लाखांच्या आसपास वस्तीचा एकच जिल्हा होय. मुंबईच्या एखाद्या उपनगरापुढें तें कांहींच नव्हे. पण बेकारीचा आकडा कसा चढतो, कसा उतरतो आणि आपणांस काय सांगत नाहीं, हें पाहावयास इतकें सोयीचें उदाहरण आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

एके काळीं हें गांव पितळी वाद्यांकरितां प्रसिद्ध होतें. आल्का-सेल्ट्झर ही औषधी गोळीही १९३१ सालीं येथूनच निघाली. पुढें मात्र घरगाड्यांचा धंदा वाढला. आंत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी घेऊन अमेरिकन कुटुंबें सुटींत हिंडतात. त्या देशांतील बहुतेक घरगाड्या याच टापूंत बनतात, व येथील कामकऱ्यांपैकीं जवळजवळ निम्मे कारखान्यांत असतात. सुतार, गादीवाला, विजेच्या तारा जोडणारा, इतकेंच काय, कोपऱ्यावरचा दुकानदारही त्या एका गाडीमागें पोट भरतो.

घरगाडी ही चैनीची वस्तु. ती बहुधा कर्ज काढून घेतात आणि तिला पेट्रोलही पुष्कळ लागतें. २००८ सालीं पेट्रोल महागलें, पाठोपाठ बँका बुडूं लागून कर्जें मिळेनाशीं झालीं. संसारांत हात आंखडावयाचा झाला म्हणजे प्रथम कोणता खर्च थांबतो, हें पालकांस सांगणें नलगे. २००७ च्या अखेरीस शेंकडा ५ च्या आंत असलेली बेकारी वर्षभरांत शेंकडा १५ वर गेली. फेब्रुवारी २००९ मध्यें त्या वेळचे नूतन अध्यक्ष ओबामा यांनीं शहरास भेट दिली. पुढच्याच महिन्यांत आकडा १८ च्याही वर चढला.

आतां हा आकडा काढतात कसा? १६ वर्षें पुरीं झालेल्या ज्या माणसास काम नाहीं, परंतु जो तें करण्यास सिद्ध आहे व ज्यानें गेल्या चार आठवड्यांत तें शोधलें आहे, तोच बेकार गणला जातो. कारखान्यानें परत बोलावण्याची आशा दाखविलेल्यास मात्र शोधाची अट नाहीं. कामावरचे व असे बेकार यांच्या बेरजेंत बेकार शेंकडा किती, एवढेंच गणित. आठवड्यांतून एक तास मजुरी मिळविणाराही कामावरचाच! समजा, १०० पैकीं १० बेकार आहेत; त्यांतील चौघांनीं हताश होऊन शोध सोडला. आतां उरले ९६ पैकीं ६, म्हणजे शेंकडा सव्वासहा. काम एकासही मिळालें नाहीं, तरी बेकारी 'उतरली'. जिल्हा सोडून गेलेलाही असाच हिशेबांतून गळतो. यास्तव उतरत्या आकड्यानें हर्ष मानण्यापूर्वीं कामावरच्यांची संख्या वाढली कीं काय, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें.

एल्कहार्टला सांवरण्यास कित्येक वर्षें लागलीं. २०१८ सालीं बेकारी शेंकडा ३ हूनही कमी होऊन उलट कारखान्यांसच माणसें मिळेनात. एप्रिल २०२० मध्यें कोरोनाच्या साथीनें कारखाने बंद होतांच ती शेंकडा २५ च्या पलीकडे, म्हणजे २००९ हूनही वर, गेली. तथापि या खेपेस बहुतेकांस तात्पुरतेंच घरीं बसविलें होतें. वर सांगितलेली सवलत अशांसाठींच आहे. विमानें व हॉटेलें यांस भ्यालेले लोक घरगाड्या मागूं लागले, आणि कांहीं महिन्यांतच बहुतेक कामकरी आपापल्या जागीं परत गेले.