जुन्या जपानी पोवळ्यावरचा पांढरा ठिपका म्हणजे डाग नाही!

इन्स्टाग्रामवर हाताने बनवलेले दागिने दोन-चारदा शोधले की 'व्हिंटेज जपानी कोरल' आणि 'अकोया मोती' आपोआप समोर यायला लागतात. एक गडद लाल पोवळं, शेजारी दोन-तीन मोती, चांदीची तार आणि खाली छाती दडपवणारी किंमत. हे पोवळं जपानमधून येतं ते ठीक, पण जुनंच का?

आपल्याकडे पोवळं ओळखीचं आहे ते मंगळाच्या अंगठीमुळे. रत्नांमध्ये धरत असले तरी तो दगड नाही. समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेला तो चुन्याचा सांगाडा असतो. जपानची गडद लाल जात शिकोकू बेटावरच्या कोची भागासमोर, म्हणजे जुन्या तोसा प्रांताच्या समुद्रात, शंभर मीटरहून जास्त खोलीवर सापडते. तिची फांदी वर्षाला एक मिलीमीटरसुद्धा जाड होत नाही. बोराएवढा मणी निघेल अशी फांदी तयार व्हायला कित्येक दशकं जातात.

आता जुने मणी सुटे कसे मिळतात, तर त्याचं उत्तर किमोनोत आहे. किमोनोवर गळ्यात हार किंवा कानात डूल घालायची रीत नव्हती. हौस व्हायची ती केसांत आणि कमरेला. केसांत खोवायच्या 'कान्झाशी' नावाच्या काडीवर पोवळ्याचा एकच गोल मणी असायचा, तर कमरपट्ट्यावर कोरीव फूल, 'ओबिदोमे'. रोजचा किमोनो सुटला आणि हे दागिने कपाटात पडून राहिले. आजचे कारागीर त्यातलेच मणी आणि फुलं काढून कानातली, पेंडंट घडवतात.

मोत्यांची गोष्ट नवी आहे. मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला, पुढे गोल मोतीही जमला. अकोया शिंपल्याच्या आत शिंपल्याचाच एक गुळगुळीत मणी ठेवतात आणि तो जीव त्यावर चकाकीचे थर चढवतो. थर जितका जाड, तितका मोती टिकाऊ. म्हणून जुना मोती घेताना छिद्राची कड बघावी. तिथे थर उडालेला आणि आतला मणी उघडा दिसत असेल तर माळ दिसायला कितीही सुंदर असो, सोडून द्यावी.

पोवळ्याचं मात्र उलट आहे. जपानी लाल पोवळ्याच्या फांदीच्या गाभ्यात पांढरा पट्टा असतो, जो भूमध्य समुद्रातल्या पोवळ्यात नसतो. कारागीर तो छिद्रात किंवा मागच्या बाजूला दडवतात, तरी कुठेतरी ठिपका राहतोच. 'डाग आहे' म्हणून असा मणी परत करणारं गिऱ्हाईक नेमका अस्सल मालच परत करत असतं! संशय घ्यायचा तर एकसारख्या लाल, बिनडागी आणि स्वस्त माळेचा घ्यावा. रंगवलेलं बांबू कोरल, काच, रेझिन, सगळं पोवळं म्हणून खपतं. महागाची वस्तू असेल तर रत्नपरीक्षा करून घेतलेली बरी.

'व्हिंटेज' शब्दालाही लगेच भुलू नये. २०१४ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ पोवळं चोरायला आलेल्या चिनी बोटींचा आकडा दोनशेच्या वर गेला होता. चोरीच्या ताज्या मालाला जुना म्हणणं अवघड नाही. जपानी लाल पोवळ्याचा समावेश २००८ पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे ते देशाबाहेर न्यायला कागद लागतात. परदेशातून मागवणार असाल तर पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला त्या कागदांबद्दल विचारा. मणी मूळ कोणत्या दागिन्यातला, हेही विचारा. मोडण्याआधीचा फोटो ज्याच्याकडे असतो, तो बहुधा आनंदाने दाखवतो.

घरी आल्यावर एवढंच: पोवळं आणि मोती दोन्ही चुन्याचे, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, अत्तर आणि घाम दोघांनाही बाधतात. आधी अत्तर, मग दागिना. काढल्यावर मऊ कापडाने पुसा. आणि माळ जुन्याच दोऱ्यात असेल, तर घालण्याआधी रेशमात, दर मोत्यामागे गाठ मारून ओवून घ्या. गाठींमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर सगळी माळ जमिनीवर विखुरत नाही.