हातपेडलच्या तीनचाकीला विजेची मोटर

आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि मोर्चांत गेले. शाळा सातवीला सुटली; पुढे यंत्रांविषयी जे काही शिकलो, ते कारखान्याच्या खात्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आज येथे जे सांगणार आहोत ते पंडिताचे नव्हे, हात काळे केलेल्या माणसाचे आहे.

आमच्या युनियनचे एक सभासद आहेत. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. हाताने पेडल फिरवावयाच्या तीनचाकीवरून ते वीस वर्षे कामावर येत. वाटेत रेल्वेचा पूल. चढावर कोणी धक्का मारावा, तेव्हा गाडी वर जावयाची. वय वाढले, खांदे दुखू लागले. एके दिवशी ते म्हणाले, “भाऊ, काम जड नाही, रोज धक्क्यासाठी लोकांच्या तोंडाकडे पाहावे लागते, ते जड आहे.” त्या दिवशी गाडीला मोटर बसविण्याचे ठरले.

प्रथम हिशेब पाहू. माणूस, गाडी व बॅटरी मिळून वजन १२० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ८ किलोमीटर वेगाला सुमारे ४० वॉट शक्ती पुरते; तेवढी हातांना झेपते. परंतु वीस फुटांना एक फूट असा चढ लागला, की त्याच वेगाला सुमारे १७० वॉट लागतात. म्हणजे चौपटीहून अधिक! खांदे का दुखतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. म्हणूनच बाजारात सायकलीसाठी मिळणारा २५० वॉटचा संच या कामाला पुरतो.

संचात मुख्य वस्तू चार: चाकाच्या हबमध्येच बसविलेली मोटर, बॅटरी, कंट्रोलर आणि हातातली मूठ. मोटरीत तारेची वेटोळी स्थिर असतात व चुंबक फिरतात. कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यावयाची हे कंट्रोलर ठरवितो; किती द्यावयाची हे मूठ सांगते.

येथे आमची चूक झाली. या गाडीत हातपेडलची चेन पुढच्या चाकाला जाते. आम्ही सायकलीच्या पुढच्या चाकाची मोटर आणली. तिच्यावर फ्रीव्हील बसविण्यास जागा नव्हती. चेन काढली आणि सारा भरवसा मोटरीवर ठेवला. तिसऱ्याच दिवशी पुलाच्या मध्यावर बॅटरी संपली. पेडल नाही, मोटर नाही! ज्यांना धक्क्यातून सोडवावयाचे, त्यांनाच आम्ही अडकवून ठेवले. मग सायकलीच्या मागच्या चाकासाठी असते ती, फ्रीव्हीलचे आटे असलेली मोटर घेतली. ती रुंद, म्हणून चिमटा नवा करावा लागला. पण चेन परत आली.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची. म्हणजे ३६० वॉट-तास. किलोमीटरला १२ ते १५ वॉट-तास धरले, तर २४ ते ३० किलोमीटर जाता येते. बसणाऱ्याचा भार मागे असतो, त्यामुळे ओल्या चढावर पुढचे चाक जागीच फिरते. म्हणून बॅटरी पुढे, पायांपाशी बांधली.

आता धोक्याच्या तीन गोष्टी. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा एक्सलला तितक्याच जोराने उलट पिळते. एक्सल चिमट्यात फिरला तर तारा तुटतील, चाकही निखळेल. म्हणून एक्सलला धरून ठेवणारी पोलादी पट्टी चिमट्याला पक्की जोडावी. दुसरी गोष्ट ब्रेकची. मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत, आणि ब्रेक दाबताच वीज तोडणारी कळ हवी. तिसरी, वेग. वेग दुप्पट झाला की वळणावर गाडी उलटविणारा जोर चौपट होतो. आम्ही कंट्रोलरमध्येच वेग ताशी १२ किलोमीटरला बांधून टाकला.

यंत्राने माणसाचे कष्ट घ्यावे, पण त्याचे हात बांधू नयेत, ही मागणी आम्ही कारखान्याच्या दारात जन्मभर केली. आणि स्वतः गाडी जोडावयास बसलो तेव्हा तीच विसरलो. आता आमचे सभासद पूल एकटे चढतात. मोटर चालते, हातही फिरतात. आपल्या गल्लीत अशी तीनचाकी असेल, तर आधी तिचे ब्रेक पाहा, मग चेन पाहा, आणि मोटरीचा विचार त्यानंतर करा.