पवित्र राजाचे भोजन

कोकणातील बेने इस्राएल या यहुद्यांना ‘शनवार तेली’ हे नाव ज्या एका दिवशी बंद राहणाऱ्या घाणीमुळे पडले, ती घाणी मराठी वाचकास परिचित आहे. धर्मग्रंथ नाहीत, धर्मगुरू नाहीत, आणि तरीही एक वार पाळला जातो, या गोष्टीचे कुतूहल माझ्या मनात फार वर्षे घर करून राहिले. त्याच्याच पाठोपाठ शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या या विश्रांतिवाराच्या, एका विलक्षण शाखेकडे माझे लक्ष वळले: येशूला मसीहा मानूनही शुक्रवारच्या सायंकाळी दीप लावणारे यहुदी, म्हणजेच आजच्या भाषेत मेसिॲनिक परंपरेचे लोक.

त्यांच्या घरचा विधी बहुतांशी जुनाच आहे. सूर्यास्तापूर्वी गृहिणी दोन मेणबत्त्या पेटविते, डोळ्यांवर हात धरते, आशीर्वचन म्हणते आणि मग हात दूर करून ज्योतीकडे पाहते. हा उलटा क्रम सहेतुक आहे. आशीर्वचन आधी म्हटले तर शब्बाथ सुरू झाला असे होऊन त्यानंतर अग्नी पेटविणे निषिद्ध ठरेल. मुलांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद, द्राक्षरसाचा प्याला, अरण्यातील दुप्पट मान्नाची आठवण म्हणून वस्त्राखाली झाकलेल्या दोन पावरोट्या, आणि शनिवारी तारे दिसल्यावर सुगंधी मसाल्यांचा वास घेऊन दिलेला निरोप, हे सर्व यथास्थित होते. काही घरांत दीपाच्या आशीर्वचनात येशूचे नाव गुंफतात, काही घरांत शब्दाला हात लावीत नाहीत. केवळ शास्त्रवचन प्रमाण मानणाऱ्या यांच्यातील मंडळींना एक प्रश्न टाळता येत नाही: दीप लावण्याची आज्ञा तोरेत कोठेच नाही, ती रब्बींची देणगी आहे. येशूच्या नावाने रब्बींचा वारसा चालवावा लागणे, ही या घरांची खरी गोम आहे असे मला वाटते.

ख्रिस्ती आणि यहुदी अशा दोन्ही बाजूंनी त्यांना विरोध झाला तो जुनाच. शनिवारी विश्रांती घेऊन ‘यहुदीपणा’ करू नये असा निर्बंध लाओदिकियाच्या धर्मसभेने चौथ्या शतकातच घातला होता. यहुद्यांचा संशयही निराधार नव्हता. ज्या रशियात निकोलस पहिल्याच्या 1827 च्या हुकुमान्वये त्यांची अल्पवयीन मुले सैन्यात भरती करून तेथे बाप्तिस्म्यासाठी छळली गेली, तेथे ख्रिस्ती नावाने घरात येणारी प्रत्येक गोष्ट त्यांना सापळाच वाटणार.

त्याच रशियाच्या बेसाराबिया प्रांतात, किशिनेव्ह शहरी, योसेफ राबिनोविच (1837–1899) या वकिली करणाऱ्या गृहस्थाने येशूला मानूनही यहुदी आचार पाळण्याचा हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. यहुद्यांवरील अत्याचारांनंतर तो 1882 साली पॅलेस्टाइनला गेला तो वसाहतीसाठी जमीन पाहावयास, आणि परतला तो येशूवरची श्रद्धा घेऊन. 1884 च्या मार्च महिन्यात ख्रिस्ती पाद्र्यांशी त्याची जी बैठक झाली, तीत सुंता आणि शब्बाथ या दोन मुद्द्यांवर बराच खल झाला. मोक्षासाठी नव्हे, तर स्वजातीवरील निष्ठेखातर आपण ते पाळणार, असे राबिनोविचचे म्हणणे होते. प्रवचनाचा परवाना सरकारने दिला, बाप्तिस्मा देण्याचा दिला नाही. त्याला स्वतःला बाप्तिस्म्यासाठी 1885 साली बर्लिनला जावे लागले. येशूला मानणाऱ्या यहुद्यांची अमेरिकेतील संस्था ‘हिब्रू ख्रिश्चन अलायन्स’ तर 1917 साली विरोधात त्या पाद्र्यांच्याही पुढे गेली. यहुदी आचार चालू ठेवू पाहणाऱ्या आपल्याच बांधवांचे मत तिने जाहीररीत्या झिडकारले.

या वादंगात दोन्ही पक्ष सिद्धान्त बोलतात. मेजावर काय मांडले आहे हे कोणी पाहत नाही. ते पाहणारा गृहस्थ मला पॉल फिलिप लेव्हर्टॉफ (1878–1954) याच्या रूपाने सापडला. ओर्शा येथील हासिदी, म्हणजे यहुद्यांतील गूढवादी भक्तिपंथाच्या, घराण्यात तो जन्मला. त्याच्या कन्येने, इंग्रजी कवयित्री डेनिज लेव्हर्टोव्ह हिने, सांगितलेली हकीकत अशी की, पोरवयात त्याला मंदिरात विद्वानांशी बोलणाऱ्या मुलाची कथा असलेला एक छापील हिब्रू कागद सापडला. त्याने तो बापास दाखविताच बापाने तो फाडून शेगडीत टाकला. जळलेल्या त्या कागदाने शेवटी मुलाला बाप्तिस्म्याप्रत नेले. पुढे लाइपझिगमध्ये त्याने अध्यापन केले, पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियन, म्हणजे शत्रुराष्ट्राचा प्रजाजन, म्हणून जाच सोसला, आणि इंग्लंडात अँग्लिकन पुरोहित होऊन पूर्व लंडनमधील यहुद्यांत काम केले.

हासिदी पंथात शब्बाथाची तीन भोजने असतात. शनिवारी दिवस कलताना होणाऱ्या तिसऱ्या भोजनास शिष्य गुरूच्या मेजाभोवती गोळा होतात, शब्दांवाचून सूर आळवतात आणि गुरूच्या ताटातील उष्टा घास प्रसादासारखा वाटून घेतात. गुरुवारच्या आरतीनंतरच्या रांगा पाहिलेल्या मराठी माणसास यात परकेपण वाटू नये. लेव्हर्टॉफने हेच भोजन ख्रिस्ताच्या पवित्र भोजनाशी जोडून हिब्रूत उपासनाविधी रचला आणि त्याला नाव दिले ‘पवित्र राजाचे भोजन’. शब्बाथाच्या मेजावर म्हटल्या जाणाऱ्या जुन्या अरमाइक गीतांतील हा शब्दप्रयोग आहे. लंडनच्या शोरडिच भागातील होली ट्रिनिटी चर्चमध्ये शनिवारी ती उपासना होत असे. विद्वत्तेत यहुद्यांनीही त्याला दूर लोटले नाही; सोन्सिनो मुद्रणसंस्थेने काढलेल्या ‘झोहर’ या यहुदी गूढवादी ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाच्या (1931–34) तिसऱ्या व चौथ्या खंडांवर अनुवादकांत या पाद्र्याचे नाव आहे. मला ही गोष्ट त्याच्या साऱ्या धर्मप्रचारापेक्षा मोठी वाटते.

1917 साली ज्या संस्थेने घरातील शब्बाथाला नाके मुरडली, तिने 1975 साली आपले नाव बदलून ‘मेसिॲनिक ज्यूइश अलायन्स ऑफ अमेरिका’ असे केले. लेव्हर्टॉफचा ‘लव्ह अँड द मेसिॲनिक एज’ हा ग्रंथ 2009 साली त्या परंपरेच्या वाचकांसाठी पुन्हा छापला गेला. शोरडिचचा त्याचा विधी मात्र शुक्रवारच्या घरगुती मेजावर जसाच्या तसा चालविता येत नाही. तो याजकासाठी रचलेला आहे, आणि ते मेज अजूनही मेणबत्त्या पेटविणाऱ्या गृहिणीच्या ताब्यात आहे.